आईचा पहारा आणि पोटातले बाळ



समजा, एका आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि तिचा तरुण मुलगा स्वतःचे एक मूत्रपिंड तिला द्यायला तयार आहे. डॉक्टर रक्तगट पाहतील, ऊतींची जुळणी किती आहे ते तपासतील आणि मगच शस्त्रक्रिया करतील. ती यशस्वी झाली तरी आईला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे पुढे कायम घ्यावी लागतील. ती बंद केली, तर मुलाचे मूत्रपिंड आईच्या पांढऱ्या पेशी परके ठरवतील आणि त्याचा नाश करू लागतील. आता गंमत पाहा. हाच मुलगा एके काळी नऊ महिने याच आईच्या पोटात होता. तेव्हा त्याचे एकटे मूत्रपिंडच नव्हे, तर तो सबंध तिथे होता, आणि त्यासाठी आईला कोणी एक गोळीही दिली नव्हती!

हे कोडे नीट शब्दांत मांडले ते पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९५३ साली. कातडीचे तुकडे एका प्राण्यावरून दुसऱ्यावर लावले तर ते का टिकत नाहीत, याचा अभ्यास त्याने अनेक वर्षे केला होता आणि त्याच विषयातील संशोधनाबद्दल १९६० साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. मेडावरने तीन शक्यता सुचवल्या. एक, आई आणि गर्भ यांच्यामध्ये भिंत असावी. दोन, गर्भ इतका अपक्व असावा की त्याचे परकेपण आईच्या शरीराला कळतच नसावे. तीन, गरोदरपणात आईची प्रतिकारयंत्रणाच सुस्तावत असावी. प्रश्न अचूक होता. उत्तरांपैकी पहिले अर्धे बरोबर निघाले, दुसरे चूक ठरले आणि तिसरे तर जवळजवळ उलटे निघाले. ते कसे, ते पाहू.

परकेपण ओळखायचे कसे? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. त्यांना एचएलए म्हणतात. ही पेशीची ओळखपत्रेच समजा. निम्मी ओळखपत्रे आईकडून येतात आणि निम्मी वडिलांकडून. म्हणजे गर्भाच्या पेशींवरची निम्मी ओळखपत्रे आईच्या दृष्टीने परकीच असतात. गर्भ अपक्व असला तरी ही ओळखपत्रे त्याच्या अंगावर लवकरच दिसू लागतात. मेडावरची दुसरी शक्यता इथेच बाद होते.

आता भिंत. वार म्हणजे काय, हे तुम्ही शिकला आहात. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त वारेत एकमेकांच्या अगदी जवळ येते, पण मिसळत नाही. वारेतील बोटांसारख्या बारीक उंचवट्यांच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्या असतात आणि बाहेरून आईचे रक्त वाहते. या उंचवट्यांवरचे आवरण अजब आहे. पेशी एकमेकींत विरघळून जाऊन त्यांचा एकच अखंड पापुद्रा बनलेला असतो, त्यात केंद्रके असंख्य पण दोन पेशींमधली शीव कुठेच नाही. आम्ही भिवंडीकर कापडाच्या गावचे. आमच्या निजामपुऱ्यातल्या कोणत्याही कारागिराला विचारा, कापड उसवते ते शिवणीवर. इथे शिवणच नाही! दिवस भरतेवेळी हे आवरण पसरून ठेवले, तर दहाबारा चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीची जमीन झाकेल एवढे भरते. आणि या पापुद्र्यावर एचएलएची नेहमीची ओळखपत्रे नसतातच. पहारेकऱ्याने तपासावे असे काही तो दाखवतच नाही.

पण वार गर्भाशयात जिथे रुजते, तिथे ही युक्ती पुरत नाही. वारेच्या काही पेशी आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात खोल शिरतात. तिथे त्यांची गाठ पडते ती आईच्या पांढऱ्या पेशींशी, आणि त्याही कोणत्या? 'नैसर्गिक मारक पेशी' या नावाच्या! सुरुवातीच्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी शेकडा सत्तरच्या आसपास पेशी याच जातीच्या असतात. रक्तातल्या यांच्या बहिणी ओळखपत्र नसलेल्या पेशीला ठार करतात. मग वारेच्या पेशी वाचतात कशा? त्या एचएलए-जी नावाचे एक खास ओळखपत्र दाखवतात. ते माणसामाणसांत फारसे बदलत नाही, त्यामुळे ते 'आईचे की वडिलांचे' असा प्रश्न उद्भवत नाही.

इथल्या मारक पेशी मारण्याऐवजी चक्क बांधकाम करतात. गर्भाशयाच्या अस्तरात नागमोडी, अरुंद धमन्या असतात. वारेच्या पेशी आणि या मारक पेशी मिळून त्या धमन्यांच्या भिंतींतील स्नायू काढून टाकतात आणि त्या रुंद करतात. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, त्यामुळे इथे मला थांबणे भाग आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम प्वाझय या फ्रेंच माणसाने १८४० च्या सुमारास मांडला. हा गृहस्थ शिक्षणाने वैद्य होता आणि त्याला कुतूहल होते ते रक्ताच्याच प्रवाहाचे. नियम असा की, दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दुप्पट केली की प्रवाह सोळापट! गरोदर नसताना गर्भाशयाला मिनिटाला पन्नासएक मिलिलिटर रक्त मिळते, ते दिवस भरतेवेळी पाचशे ते सातशे मिलिलिटरवर जाते. धमन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर बाळाची वाढ खुंटते आणि आईचा रक्तदाब धोकादायक रीतीने वाढण्याचा संभव असतो. म्हणजे आईची प्रतिकारयंत्रणा इथे नुसती गप्प बसून भागत नाही. तिने काम केले नाही, तर बाळ नीट वाढत नाही.

पहारेकऱ्यांना आवरणारेही असतात. 'नियामक' जातीच्या पांढऱ्या पेशी गरोदरपणात संख्येने वाढतात आणि वडिलांकडून आलेल्या खुणांवर तुटून पडू पाहणाऱ्या पेशींना त्या रोखून धरतात. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही हेच काम करते. शिवाय वारेत ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल तोडून टाकणारे एक विकर असते. या आम्लावाचून हल्लेखोर पेशींची संख्या वाढू शकत नाही. १९९८ साली उंदरांवर प्रयोग करून अमेरिकन संशोधकांनी दाखवले की हे विकर बंद पाडले, तर वेगळ्या जातीच्या नरापासून राहिलेले गर्भ आईचे शरीर टाकून देते. त्याच जातीच्या नरापासून राहिलेले गर्भ मात्र टिकतात. प्रयोग लहानसा, पण किती नेमका!

हे सगळे बदल नऊ महिने एकसारखे नसतात. गर्भ रुजताना गर्भाशयात जखम भरून येतानाची असते तशी दाहाची स्थिती असते. सकाळची मळमळ याच काळातली. मधले महिने शांततेचे. शेवटी पुन्हा दाह वाढतो आणि तो प्रसूतीच्या कळांना हातभार लावतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी गरोदर स्त्रियांचे रक्त वेळोवेळी तपासून असे दाखवले की पांढऱ्या पेशींमधले बदल इतके ठरल्या क्रमाने होतात की त्यांवरून कितवा आठवडा चालू आहे याचा अंदाज करता येतो. मधल्या काळात सांधेदुखीचा एक प्रकार, संधिवाताभ, असलेल्या बऱ्याच स्त्रियांना आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणे पुन्हा उसळते. हा आजार म्हणजे स्वतःच्याच सांध्यांवर प्रतिकारयंत्रणेने केलेला हल्ला. त्यामुळे या आरामाचा अर्थ आता तुम्हाला लावता येईल.

'गरोदर बाईची प्रतिकारशक्ती कमी होते' असे वाक्य आपण सर्रास ऐकतो. हे वाक्य मला पुरते पटत नाही. काही जंतूंचा धोका गरोदरपणात वाढतो, हे खरे. २००९ साली पुण्यापासून महाराष्ट्रभर पसरलेल्या स्वाइन फ्लूमध्ये गरोदर स्त्रियांना जास्त जपावे लागले. पण त्याचे एक कारण निव्वळ यांत्रिक आहे. वाढलेले गर्भाशय श्वासपटलाला चारएक सेंटिमीटर वर ढकलते, आणि फुप्फुसांना आधीच कमी जागा उरलेली असते. गढूळ पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ याहून भयंकर आहे. इतरांत ती बहुधा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतील गरोदर स्त्रियांमध्ये तिच्या साथीत शंभरातल्या वीस-पंचवीस दगावल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्यात गटारालगतच्या जलवाहिन्या ज्या गावांतून जातात, तिथे घरात गरोदर बाई असेल तर पाणी उकळणे ही ऐच्छिक बाब नव्हे. पण याच बाईच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशींची संख्या नेहमीपेक्षा वाढलेली असते आणि लस टोचली तर तिचे शरीर चांगली प्रतिपिंडे तयार करते. सुस्तावलेली यंत्रणा असे करील का?

यंत्रणा जागी असल्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ती आपली प्रतिपिंडे बाळाला देते. प्रतिपिंडे म्हणजे एकेका जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने. त्यांचे अनेक वर्ग आहेत, पण वारेतून बाळाकडे जातो तो एकच, आयजीजी. अखंड पापुद्र्यातून एवढा मोठा रेणू झिरपून जाणे शक्य नाही. त्याला उचलून नेणारा वाहक लागतो. पापुद्रा आईच्या रक्ताचे थेंब आत ओढून घेतो आणि त्या थेंबाभोवतीच्या पिशवीत आम्लता वाढते, पीएच सुमारे ६ होते. या आम्लतेत वाहक प्रथिन आयजीजीला घट्ट धरते. पिशवी पलीकडे जाऊन उघडली की तिथे बाळाच्या बाजूचे पीएच ७.४ असते, आणि त्या पीएचला वाहकाची पकड सुटते. एका बाजूला धरायचे, दुसऱ्या बाजूला सोडायचे, आणि हे सारे केवळ आम्लतेतल्या फरकावर! आयजीएम नावाच्या अवजड प्रतिपिंडांना असा वाहक नाही, म्हणून ती आईकडेच राहतात.

ही वाहतूक तेराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, पण खरी गर्दी शेवटच्या काही आठवड्यांत होते. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजीची पातळी आईपेक्षाही थोडी जास्त असते. बत्तीसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाला मात्र जेमतेम निम्माच वाटा मिळालेला असतो. गाईची गोष्ट वेगळी आहे. तिच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे मिळतच नाहीत. ती सगळी चिकातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती पहिल्या दिवसभरातच शोषून घेऊ शकते. खरवसाची घाई करणाऱ्यांनी आधी वासराचे पोट भरू द्यावे! माणसाच्या बाळालाही आईचे पहिले घट्ट, पिवळसर दूध मिळालेच पाहिजे. पण त्यातील आयजीए प्रतिपिंडे रक्तात न जाता आतड्यातच पहारा देतात.

हे दार चांगले-वाईट पाहत नाही. आईचा रक्तगट आर-एच ऋण असेल (आपल्याकडे शंभरात सुमारे पाच जण तसे असतात) आणि बाळ आर-एच धन असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात जाते. आईची यंत्रणा त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. पहिले बाळ तोवर जन्मलेले असते, म्हणून सुटते. पुढच्या खेपेला आठवण तयार असते, आयजीजी झपाट्याने बनते, त्याच दारातून आत जाते आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडते. १९६८ पासून यावर सोपा उपाय मिळाला आहे. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला 'अँटी-डी' इंजेक्शन द्यायचे, म्हणजे तिची यंत्रणा धडा शिकण्याआधीच बाळाच्या त्या पेशी नाहीशा होतात. त्यासाठी रक्तगट मात्र पहिल्याच तपासणीत माहीत हवा. उलट धनुर्वाताची लस गरोदरपणी टोचली की याच दाराचा फायदा मिळतो. आईने बनवलेली प्रतिपिंडे बाळाला मिळतात आणि नाळ कापताना होणारा धनुर्वात टळतो. स्वच्छ बाळंतपण आणि ही लस यांच्या जोरावर २०१५ साली भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचे जाहीर झाले.

पण आईकडून मिळालेला हा साठा उसना आहे. बाळ ती प्रतिपिंडे स्वतः बनवत नाही, त्यामुळे ती झिजत जातात. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुष्यकाल तुम्ही दहावी-अकरावीला शिकता, तोच नियम इथे लावा. गोवराविरुद्धच्या प्रतिपिंडांचा अर्धायुष्यकाल बाळात सुमारे महिना ते दीड महिना असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून महिना धरू. समजा, जन्मतः पातळी १२८ एकके आहे आणि गोवर टाळायला २ एकके लागतात. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत.) १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २. सहा महिने झाले आणि साठा सीमेवर आला. आता दुसऱ्या आईकडून बाळाला चौपट कमी, म्हणजे ३२ एकके मिळाली. तिचे बाळ किती दिवस सुरक्षित? दीड महिना असे उत्तर पटकन तोंडात येईल. पण मोजून पाहा, ते चार महिने येते. साठा चौपट घटला तरी मुदत फक्त दोन महिन्यांनी घटली. उलटेही तितकेच खरे आहे, साठा दुप्पट केला तरी पदरात एकच महिना जास्त पडतो. प्रत्यक्षातही, लहानपणी स्वतः गोवर येऊन गेलेल्या आयांपेक्षा लस घेतलेल्या आयांकडून बाळाला कमी प्रतिपिंडे मिळतात, असे दिसले आहे. नव्या पिढीतल्या बाळांचे उसने संरक्षण म्हणून थोडे लवकर संपते.

मग बाळाला गोवराची लस जन्मतःच का टोचत नाहीत? कारण या लसीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. आईची प्रतिपिंडे त्यांनाही पकडतात आणि लस वाया जाते. खऱ्या विषाणूला रोखायला अपुरी पडणारी पातळीही दुबळ्या विषाणूला निकामी करायला पुरू शकते. त्यामुळे मध्ये एक फट राहते. उसने संरक्षण संपले आहे, पण लस अजून भरवशाची नाही. या दोन्हींचा तोल पाहून भारतात पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ही फट आमच्या गावात उघडी पडली. मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवराची साथ वाढली आणि त्याच सुमारास भिवंडी व मालेगाव इथेही रुग्ण आढळू लागले. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले होते, आणि दाट वस्तीत गोवराइतका झपाट्याने पसरणारा रोग क्वचितच असेल. एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. त्यामुळे शंभरातल्या पंचाण्णवांना संरक्षण असल्याखेरीज साखळी तुटत नाही. यंत्रमागांच्या शेजारी एकेका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचे काय होणार? मोठ्या भावंडांची लस राहून गेलेली, आणि पाळण्यातले सात-आठ महिन्यांचे बाळ बरोबर त्या फटीत. तेव्हा केंद्रीय आरोग्य खात्याने सूचना दिली की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा मात्रा द्यावी, आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालील बाळे शेकडा दहापेक्षा जास्त असतील, तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही एक मात्रा द्यावी. ही मात्रा हिशेबात धरायची नाही. त्यानंतरही नऊ महिन्यांची आणि सोळा महिन्यांनंतरची अशा दोन्ही मात्रा घ्यायच्याच. का, ते आता तुम्ही घरी समजावून सांगू शकाल. सहाव्या महिन्यात काही बाळांमध्ये आईची प्रतिपिंडे उरलेली असतील आणि त्यांची लस वाया जाईल. पण ज्यांची संपली आहेत, त्यांना ती वाचवील.

आता वहीत करण्यासाठी एक गणित. एका पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः ९६ एकके प्रतिपिंडे मिळाली, अपुऱ्या दिवसांच्या दुसऱ्या बाळाला ४८. सुरक्षिततेची सीमा ३ एकके आणि अर्धायुष्यकाल ३६ दिवस धरा. प्रत्येक बाळाचे उसने संरक्षण किती दिवसांनी संपेल, आणि २७० व्या दिवशी मिळणाऱ्या लसीपर्यंत प्रत्येकाला किती दिवस संरक्षणावाचून काढावे लागतील? लॉगॅरिदमचे कोष्टक उघडू नका, दोनचे घात पुरतील. आणि त्या दिवसांत बाळाच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी किती जणांनी गोवराच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या आहेत, ते तुमच्या स्वतःच्या घरी विचारून त्याच वहीत लिहा.